राणीच्या नावाचा चषक

(महाराणी लक्ष्मीबाई जयंतीनिमित्त १९ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या मंडळाने ठेवलेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आटोपशीर करून.)



मी व्याख्याता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस आहे. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगेन, पण इतिहासावर बोलायचे तर घाम फुटतो. कार्यवाहांनी फोन केला तेव्हा मी स्पष्ट सांगितले, की राणीसाहेबांवर बोलणारे या शहरात शंभर जाणकार आहेत, मला कशाला उभे करता? ते म्हणाले, "तुम्ही तो कपाचा किस्सा सांगा, मग पुढे काय बोलायचं ते बोला." तेव्हा किस्सा सांगतो.

यंदाच्या गणेशोत्सवात आपण प्रथमच महिलांचा टेनिस बॉल क्रिकेटचा सामना ठेवला. पुरुषांचा सामना किती वर्षे चालू आहे ते विचारू नका, त्याची फिरती ढाल आता नावांनी भरून गेली आहे आणि खाली दुसरी फळी जोडावी लागली आहे. महिलांसाठी कप आणायचे काम माझ्याकडे आले. दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "लेडीज़ का है?" म्हटले, हो. त्याने वरच्या फळीवरून एक गुलाबी रंगाचा कप काढला आणि म्हणाला, "ये ले जाइए, म्यूज़िकल चेयर में यही चलता है।" मी सांगितले की बाबा, क्रिकेटचा सामना आहे. तो म्हणाला, "वही तो।"

घाई होती, घेऊन आलो. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी तो कप विजयी संघाच्या कर्णधार वहिनींच्या हाती दिला, त्यांनी उंच उचलला, आणि एक कान त्यांच्या हातात राहिला! कप खाली. सगळे हसले, मीही हसलो. वहिनीही हसल्या. पण समारंभ संपल्यावर खुर्च्या उचलताना त्या मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ढाल कधी अशी तुटली नाही हो." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तोडमोड हा माझ्या धंद्यातला विषय आहे. कान का तुटला ते मी सकाळी पाहिले. धातू नव्हताच तो. प्लॅस्टिकवर चमक चढवलेली, आणि जड वाटावा म्हणून बुडाशी दगडाचा तुकडा.

त्यानंतर मी बायकांच्या खेळांचे चषक हा विषय वाचत गेलो. वाचता वाचता अशा एका चषकाशी येऊन पोहोचलो, की ज्याचा आपल्या या शहराशी, आपल्या मराठी माणसांशी आणि आजच्या तारखेशी संबंध आहे. तो म्हणजे राणी झाँसी ट्रॉफी. भारतातील महिलांच्या आंतरविभागीय क्रिकेट स्पर्धेचा चषक. या सभागृहात किती जणांनी हे नाव ऐकले आहे? हात वर करू नका, मीही दोन महिन्यांपूर्वी ऐकले नव्हते.

आता १९७३ सालात चला. त्या वर्षी उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये महिलांचा पहिला क्रिकेट विश्वचषक झाला. हो, पुरुषांच्या आधी! पुरुषांचा पहिला विश्वचषक १९७५ चा. बायकांनी तो दोन वर्षे आधी खेळून दाखवला, आणि त्यासाठी जॅक हेवर्ड नावाच्या एका धनिकाने पैसा दिला. त्यात भारताचा संघ नव्हता. असणार कुठून? आपल्याकडे महिला क्रिकेटची देशपातळीवरची संघटना त्याच वर्षी लखनौला नोंदवली गेली. महेंद्रकुमार शर्मा हे तिचे संस्थापक सचिव आणि बेगम हमीदा हबीबुल्ला या पहिल्या अध्यक्ष.

या संघटनेने एप्रिल १९७३ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली ती पुण्यात. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. म्हणजे संपूर्ण देशाची स्पर्धा, आणि तीनपैकी दोन संघ आपल्या मुलुखातले. आज ऐकायला गंमत वाटते. पण सुरुवात अशीच होते. आपल्या मंडळाच्या पहिल्या उत्सवालाही पंगतीत वाढणारे जास्त आणि जेवणारे कमी होते, असे अण्णा नेहमी सांगतात.

आणि दुसरी राष्ट्रीय स्पर्धा? त्याच १९७३ च्या अखेरीस. कुठे? इथे. वाराणसीत. तीनाचे आठ संघ झाले ते आपल्या काशीत. तिसरी स्पर्धा कलकत्त्याला झाली तेव्हा चौदा संघ होते. पुणे, काशी, कलकत्ता. तीन, आठ, चौदा. मी हे आकडे वाचले आणि वही बाजूला ठेवून घरात ओरडून सांगितले, "अगं, आपल्या बनारसला झाली होती!" सौ. म्हणाली, "मग त्याची पाटी कुठे लागलीय का?" मी मोटारसायकलवरून ज्या मैदानांच्या कडेने रोज जातो, त्यांतल्या एकावरही मला तशी पाटी दिसलेली नाही.

तेव्हाच्या मुली इथवर आल्या कशा, हे रेल्वेवाला म्हणून मला जास्त दिसते. मुंबईहून इटारसी, जबलपूर, अलाहाबाद असा रस्ता. त्या पिढीच्या खेळाडूंनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे, की प्रवास बहुधा दुसऱ्या वर्गाचा, पुष्कळदा आरक्षण नसलेल्या डब्यातून. वळकटी स्वतःची. उतरायचे ते शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत, जमिनीवर अंथरूण टाकून. अख्ख्या संघात बॅटी तीन-चार, बाद झालेली परत येताना आपली बॅट पुढच्या मुलीच्या हाती देणार. बिनआरक्षित डबा म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको. दिवाळीला घरी जाताना आपण पास हातात असूनही कुरकुरतो. त्या काळात आमच्या कारखान्यातून, म्हणजे तेव्हाच्या डिरेकातून, डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिने बाहेर पडत होती. त्यांतले एखादे त्या मुलींच्या गाडीला लागले असेल, अशी कल्पना करून मी उगाच खूश होतो. एवढे माफ करा.

आता चषकाकडे येतो. १९७४ साली कानपूरला आंतरविभागीय स्पर्धा सुरू झाली. राष्ट्रीय स्पर्धेत राज्ये खेळत, इथे विभाग. आपल्या पुरुषांच्या क्रिकेटमध्ये रणजी आणि दुलीप यांचा जो संबंध, तोच इथे. राज्यांच्या संघांतून निवडून विभागाचा संघ बनवायचा, आणि विभागांच्या लढतीतून देशाच्या संघासाठी मुली हेरायच्या. याचे महत्त्व शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. एखाद्या लहान राज्यात एकच चांगली गोलंदाज असेल आणि तिचा राज्यसंघ पहिल्या फेरीत हरून घरी जात असेल, तर तिला कोण पाहणार? विभागाच्या संघात ती आली की चार दिवस जास्त खेळते आणि निवड समितीच्या डोळ्यांसमोर राहते. आमच्याकडे इंजिनाची चाचणी नुसती उभ्याने घेत नाहीत, भार लावून घेतात. आंतरविभागीय स्पर्धा ही भार लावून घेतलेली चाचणी.

या स्पर्धेच्या चषकाला नाव दिले राणी झाँसी. इथे मी थोडा थांबतो, कारण मला या नावाचे फार कौतुक वाटते. आपल्याकडच्या बायकांच्या खेळांचे जुने चषक पाहा. हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेचा चषक लेडी रतन टाटा यांच्या नावाचा. टेबल टेनिसमध्ये आंतरराज्य महिला संघांचा जयलक्ष्मी कप. बॅडमिंटनमध्ये चढ्ढा कप. घराण्याची, दात्याची, पदाधिकाऱ्याची नावे चषकांना देण्याची रीत जगभर आहे, त्यात वाईट काही नाही. ज्याच्या हातून चांदी सुटते त्याचे नाव चांदीवर यायचेच. पण एक गरीब संघटना, जिच्याजवळ मुलींना गादी द्यायला पैसे नाहीत, ती आपल्या चषकासाठी घोड्यावर बसून लढलेल्या बाईचे नाव निवडते, याला मी धाडस म्हणतो. खो-खोवाल्यांनीही असेच केले आहे. राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूला तिथे राणी लक्ष्मीबाई पुरस्कार मिळतो. आणि या संघटनेने आणखी एक चषक ठेवला होता, इंदिरा प्रियदर्शिनी ट्रॉफी, त्यासाठी राष्ट्रीय विजेता संघ विरुद्ध शेष भारत असा सामना होई. म्हणजे आपल्या इराणी ट्रॉफीसारखा.

राणीसाहेबांचे मूळ नाव मणिकर्णिका तांबे, हे इथे सर्वांना पाठ आहे. वडील मोरोपंत, आई भागीरथीबाई. मोरोपंत हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या पदरी होते आणि अप्पा काशीवासाला आले म्हणून तांबेही इथे आले. आपल्यासारखेच नोकरीनिमित्त आलेले मराठी कुटुंब! जन्माच्या सालाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण तारीख १९ नोव्हेंबर मानतात आणि जागा भदैनी, अस्सीजवळ. सकाळी आपण तिथे पुष्पहार घालून आलो. चिमाजीअप्पा गेल्यावर मोरोपंत लेकीला घेऊन ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला पेशव्यांकडे गेले. बिठूर कुठे आहे? कानपूरला लागून. आणि पहिली राणी झाँसी ट्रॉफी खेळली गेली कानपूरला. लहानपणी मनू जिथे घोडा आणि तलवार शिकली, तिथून दोन-तीन तासांच्या टांग्याच्या अंतरावर सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर मुली तिच्या नावाच्या चषकासाठी बॅट घेऊन उतरल्या.

त्या चषकाच्या चाळणीतून कोण कोण पुढे आले ते थोडे सांगतो. फेब्रुवारी १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील संघ आला. पुणे, दिल्ली आणि कलकत्ता अशा तीन सामन्यांत भारताचे तीन वेगळे कर्णधार होते, उज्ज्वला निकम, सुधा शाह आणि श्रीरूपा बोस. पुढच्या वर्षी वेस्ट इंडीजचा संघ आला आणि भारतीय महिला पहिली अधिकृत कसोटी खेळल्या, ३१ ऑक्टोबर १९७६ पासून बंगळूरला. कर्णधार शांता रंगास्वामी. त्या सामन्यात पुण्याची एक सतरा वर्षांची मुलगी लेगस्पिन टाकत होती, शुभांगी कुलकर्णी. मालिकेतला चौथा सामना पाटण्याला, म्हणजे इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, मोईनुल हक स्टेडियममध्ये. भारतीय महिलांनी पहिला कसोटी विजय तिथे मिळवला, पाच गडी राखून. सामन्याच्या तारखा १७ ते १९ नोव्हेंबर १९७६. आज किती तारीख आहे हे मी सांगत नाही.

जानेवारी १९७८ मध्ये विश्वचषक भारतातच झाला. संघ चारच होते, ऑस्ट्रेलियाने तो जिंकला आणि आपण सगळे सामने हरलो. पण कर्णधार होत्या डायना एडलजी, आणि त्यांच्यापासून आमच्या रेल्वेची गोष्ट सुरू होते.

रेल्वेबद्दल बोलताना मला आवरा, कार्यवाहांनी आधीच बजावले आहे. थोडक्यात एवढेच, की क्रिकेट खेळून मुलीला मिळणार काय, या प्रश्नाला या देशात बरीच वर्षे एकच धड उत्तर होते, ते म्हणजे रेल्वेची नोकरी. डायना एडलजी पश्चिम रेल्वेत होत्या. १९८० च्या दशकात रेल्वेचा स्वतंत्र महिला संघ उभा राहिला त्यात त्यांचा मोठा वाटा, आणि माधवराव शिंदे रेल्वे खात्याचे मंत्री असताना महिला खेळाडूंच्या भरतीला जोर मिळाला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे आणि राणीसाहेबांचे १८५८ साली काय झाले ते आपण जाणता. इतिहासात कुणाच्या हातून कोणते कर्ज फिटते, सांगता येत नाही! असो. रेल्वेत आलेल्यांमध्ये इंदूरच्या संध्या अग्रवाल होत्या. त्यांनी १९८६ साली वूस्टरला इंग्लंडविरुद्ध १९० धावा काढल्या. तो तेव्हाचा महिला कसोटीतला जागतिक उच्चांक होता. पुढे मिताली राज आली, तिने २००२ साली टाँटनला २१४ केल्या, तोही तेव्हाचा उच्चांक. हिशेबाच्या टेबलाशी, तिकिटाच्या खिडकीशी हजेरी लावून या मुली मैदानावर जात. मी इथे लागलो त्या सुमारास आमच्यातले काही जण म्हणायचे, "स्पोर्ट्स कोट्यातले कामाला येत नाहीत." मीही कधी कधी मान डोलावली आहे. आज ती मान परत घेतो.

एवढे सगळे झाले, तरी पैसा नव्हताच. मिताली राजने स्वतः सांगितले आहे, की २००५ च्या विश्वचषकात भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला तेव्हा मानधन सामन्याला एक हजार रुपये होते. मुलींच्या परदेश दौऱ्यासाठी संघटनेच्या बायका वर्गणी मागत दारोदार फिरल्या. त्यात सुनील गावस्करांच्या भगिनी नूतन गावस्कर होत्या. गणपतीची वर्गणी मागताना किती ऐकून घ्यावे लागते हे आपण जाणतो. त्यांच्या पाठीशी तर गणपतीही नव्हता!

मग २००६ साल आले. महिला क्रिकेटची संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली. त्या वेळी संघटनेच्या सचिव होत्या त्याच पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी. विलीन झाले ते फार बरे झाले, याबद्दल मला शंका नाही. मैदाने मिळाली, फिजिओ मिळाले, आरक्षण तर सोडाच, विमान मिळाले. २००६-०७ पासून मंडळाची एकदिवसीय राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि पहिलीच आमच्या रेल्वेने जिंकली. पुढे इतक्या वेळा जिंकली, की २०११-१२ ला दिल्लीने आणि २०१८-१९ ला बंगालने जिंकली ती बातमी झाली.

पण माझी एक तक्रार आहे. पुरुषांच्या स्पर्धांची नावे पाहा. रणजी, दुलीप, इराणी, विजय हजारे, सैयद मुश्ताक अली. सगळी माणसांची. आणि महिलांच्या? वरिष्ठ महिला एकदिवसीय चषक. वरिष्ठ महिला टी-ट्वेंटी चषक. आंतरविभागीय स्पर्धाही परत सुरू झाली, २०१४-१५ पासून काही वर्षे तीन दिवसांची, आणि नंतर २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा पुण्यालाच, तिथे पूर्व विभागाने दक्षिण विभागाला हरवून ती जिंकली. पण नाव? आंतरविभागीय. आमच्या स्टोअरमध्ये सुट्या भागांना अशीच नावे असतात. राणीचे नाव विलीनीकरणाच्या कागदांत मागे पडले. कुणी मुद्दाम काढले असेल असे मला वाटत नाही. बदली होताना जसा एखादा ट्रंक जुन्या क्वार्टरमध्ये राहून जातो, तसे झाले असावे.

अशा वेळी काय करता येते याचे एक उदाहरण आहे. इंग्लंडची महिला क्रिकेट संघटना १९२६ सालची. तीही १९९८ साली तिथल्या क्रिकेट मंडळात विलीन झाली. तेव्हा त्या बायकांनी काय केले असेल? लॉर्ड्स मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंच्या सह्यांची एक छोटी बॅट जाळली, आणि तिच्याबरोबर आपल्या संघटनेच्या घटनेची प्रतही जाळली. ती राख लाकडाच्या पोकळ चेंडूत भरली. तोच महिलांच्या अ‍ॅशेसचा चषक झाला. संघटना गेली, पण तिची रक्षा दर मालिकेला मैदानावर येते. आपण काशीत राहणारे लोक. रक्षेचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता घरातली एक गोष्ट सांगतो, ती सांगावी की नाही याचा विचार करत होतो. माझी थोरली ताई खो-खो खेळायची. आम्ही मिरजेला रेल्वे क्वार्टर्समध्ये होतो. ती शाळेच्या संघाची कर्णधार होती आणि त्यांनी जिल्ह्याचा कप जिंकला होता. पितळेचा, निकेल चढवलेला, दोन कानांचा, चांगला जड. मला आठवते, वडिलांनी तो उचलून पाहिला, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "लेथवर काढलाय, एका पत्र्यातून. जोड नाही कुठे." फिटर माणूस, त्याला कौतुक असेच करता येई. दुसऱ्या दिवशी कप शाळेत जमा झाला. दहावीनंतर ताईचा खेळ सुटला, मग लग्न झाले. पुष्कळ वर्षांनी तिच्या पुतण्याच्या दाखल्यासाठी ती त्या शाळेत गेली. कार्यालयात टेबलावर तिला तो कप दिसला. त्यात खडू आणि पिना ठेवल्या होत्या. तिने हातात घेऊन फिरवून पाहिला. मुलांच्या कबड्डीच्या कपांवर साल आणि कर्णधाराचे नाव होते, ते कपाटात काचेमागे. हिच्यावर काहीच कोरलेले नव्हते. तिथल्या लिपिकाने विचारले, "बाई, काय पाहताय?" ती म्हणाली, "काही नाही, चांगला आहे कप." आणि दाखला घेऊन घरी आली. मला हे तिने सांगितले ते आपल्या सामन्याच्या फजितीनंतर, मी फोनवर कानाचा किस्सा हसत हसत सांगितला तेव्हा. ती हसली नाही.

मंडळी, या महिन्याच्या २ तारखेला नवी मुंबईत काय झाले ते आपण सर्वांनी जागून पाहिले. भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शफाली वर्माच्या ८७ धावा, आग्र्याच्या दीप्ती शर्माची अर्धशतकी खेळी आणि पाच बळी. त्याच्या तीन दिवस आधी मुंबईच्या जेमिमाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ काढल्या होत्या. आमच्या सांगली-मिरजेकडे तर स्मृती मानधनाच्या नावाने पेढे वाटले गेले म्हणे. मी इथे लंगड्याच्या सीझनला आंबे वाटले असते, पण नोव्हेंबर पडला. प्रतिका रावळ, स्नेह राणा, रेणुका ठाकूर या आमच्या रेल्वेच्या. नियामक मंडळाने ५१ कोटींचे बक्षीस जाहीर केले. एक हजार रुपयांपासून इथवर वीस वर्षांत.

पण मला लक्षात राहिले ते त्यानंतरचे दृश्य. हरमनप्रीतच्या संघाने तो चषक नेऊन मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हातात दिला. या तिघींना खेळताना तो कधी मिळाला नव्हता. झूलन रडत होती. आमच्या घरीही सगळे रडत होते, मी सोडून. मी पाणी आणायला आत गेलो होतो.

आता मंडळापुढे माझी विनंती ठेवतो आणि बसतो. पुढच्या गणेशोत्सवात महिलांचा सामना होणार, हे कार्यकारिणीने ठरवले आहेच. त्याचा चषक फिरता असावा. पितळेचा असावा. ठठेरी बाजारात अजून हातोडीने काम करणारे कारागीर आहेत, मी दोघांशी बोललो आहे. पत्रा चांगल्या जाडीचा घेऊ, कान रिव्हेटने बसवून मग झाळू, नुसत्या डाकावर सोडायचे नाहीत. बफ आणि पॉलिश मी आणि कारखान्यातले दोन मित्र सुट्टीच्या दिवशी करून देऊ. खाली शिसवी बैठक, तिच्यावर नावांच्या पट्ट्यांसाठी जागा. खर्चाचा आकडा कोषाध्यक्षांना दिला आहे, त्यांनी अजून डोळे मिटलेले नाहीत, तेव्हा आशा आहे. नाव राणी झाँसी चषक असावे. ते नाव सध्या रिकामे आहे, आणि ते वापरण्याचा हक्क या शहरातल्या मराठी माणसांइतका कुणाला असेल असे मला वाटत नाही.

आणखी एक. पहिली पट्टी २०२६ ची लावू नये. यंदा ज्या अकरा जणी जिंकल्या, ज्यांच्या हातात नुसता कान आला, त्यांची नावे २०२५ म्हणून आधी कोरावीत. कर्णधार वहिनी पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांना माझी विनंती, संघातल्या सर्वांची नावे मराठीत, नीट ऱ्हस्व-दीर्घ तपासून, कागदावर लिहून माझ्याकडे द्यावीत. कोरणारा कारागीर बनारसी आहे. जसे लिहून देऊ तसेच तो कोरील, आणि पितळेवर खोडरबर चालत नाही.

गणपती बाप्पा मोरया!